मीटरवरही खरी ठरणारी हरित इमारत: ब्रिटनमधल्या शाळा, वाचनालयं आणि तरणतलावांची रचना कशी करावी

इंग्लंड-वेल्समधल्या सार्वजनिक वाचनालयाच्या, कौन्सिलच्या कचेरीच्या किंवा तरणतलावाच्या दारात रंगीत पट्ट्यांचं एक प्रमाणपत्र लावलेलं दिसतं: डिस्प्ले एनर्जी सर्टिफिकेट. २५० चौरस मीटरहून मोठ्या आणि लोकांची सतत ये-जा असलेल्या सरकारी इमारतींना ते बंधनकारक आहे. त्यावरचा आकडा प्रत्यक्ष मीटरवाचनातून काढतात. १०० म्हणजे त्या प्रकारच्या इमारतीचा सर्वसाधारण वापर, ५१ ते ७५ म्हणजे 'सी', आणि २५ किंवा त्याखाली 'ए'. इमारतीच्या पर्यावरणीय रचनेबद्दल जे काही बोललं जातं, त्यातला हा सगळ्यात प्रामाणिक कागद. नवी इमारत बांधायला घेताना डोळ्यांसमोर हाच कागद ठेवावा, कारण रचनेच्या टप्प्यावर केलेलं गणित आणि हा आकडा यांत मोठी तफावत पडू शकते.

ती का पडते, हे आधी समजून घेतलं पाहिजे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतल्या 'पार्ट एल'साठी जे गणित करतात, ते तुमच्या इमारतीची तुलना तिच्याच आकाराच्या एका कल्पित इमारतीशी करतं. वापराचे तास ठरावीक धरतात; संगणक, सर्व्हर, लिफ्ट, स्वयंपाकघरातली उपकरणं यांचा वापर त्यात मोजत नाहीत. हे गणित परवानगीसाठी आहे, बिलाचा अंदाज बांधण्यासाठी नाही. बिलाचा अंदाज हवा असेल तर 'सिब्सी' या इमारत-यंत्रणांच्या अभियंत्यांच्या संस्थेच्या 'टीएम ५४' पद्धतीने वेगळं गणित करून घ्यावं लागतं. त्यात इमारत किती वाजता उघडते, सफाई किती वाजता होते, संध्याकाळी कोणती खोली भाड्याने दिली जाते, हे सगळं भरतात. या गणिताचं शुल्क पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. मागाहून त्यासाठी पैसे निघत नाहीत.

बांधायचं की राखायचं

पहिला प्रश्न हाच: जुनी इमारत पाडायची गरज आहे का? नव्या बांधकामामुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा पाया आणि सांगाडा यांतच असतो, त्यामुळे सांगाडा टिकवला तर सर्वात मोठी बचत तिथेच होते. पॅसिव्हहाउस हे तापवायला फार कमी ऊर्जा लागणाऱ्या इमारतींचं मानक. जुन्या इमारतीसाठी त्याचंच 'एनरफिट' नावाचं थोडं सैल रूप आहे: हवाबंदपणाच्या चाचणीत आतली हवा गळून तासाला ०.६ ऐवजी १.० वेळा बदलली तरी चालते. पाडणं अटळच असेल, तर पाडण्याआधी साहित्याची मोजदाद करा. लिव्हरपूलच्या एव्हरीमन नाट्यगृहाच्या नव्या इमारतीत (२०१४) जुन्या वास्तूच्या सुमारे २५,००० विटा पुन्हा वापरल्या. चुन्याच्या सांध्यांतल्या विटा सुट्या होतात. सिमेंटच्या सांध्यांतल्या निघताना फुटतात. म्हणून चार ठिकाणी सांधे खरवडून पाहिल्याशिवाय पुनर्वापराचं आश्वासन देऊ नका.

आकडे आधी, चित्र नंतर

कौन्सिलच्या मागणीपत्रात 'ऊर्जाकार्यक्षम इमारत हवी' एवढंच लिहिलं तर हाती काहीच लागत नाही. 'ब्रीअम एक्सलंट हवं' हेही पुरेसं नाही. ब्रीअम ही इमारतींना पर्यावरणीय गुण देणारी, १९९० पासून चालत आलेली आणि उपयोगी पद्धत आहे. ७० टक्के गुणांना एक्सलंट, ८५ ला आउटस्टँडिंग. पण त्यात पाणी, जैवविविधता, सायकलींची सोय, कचऱ्याची व्यवस्था अशा अनेक बाबींचे गुण मिळून बेरीज होते. एकूण गुण चांगले आणि वीजबिल मात्र मोठं, असं घडू शकतं. म्हणून ब्रीअम मागायचं असेल तर जरूर मागा, पण त्याच्या शेजारी मोजता येणारे आकडे लिहा. शाळेसाठी ते साधारण असे असावेत:

– वर्षाचा एकूण वापर: दर चौरस मीटरला ६५ किलोवॉट-तास, मीटरवर मोजलेला, स्वयंपाकघर आणि संगणक धरून. 'लेटी' या गटाने शाळांसाठी हाच आकडा सुचवला आहे. स्कॉटलंडमध्ये नव्या शाळांना मिळणाऱ्या सरकारी निधीसाठी मुख्य वापराच्या तासांपुरतं ६७ हे लक्ष्य आहे.

– हवाबंदपणा: ५० पास्कल दाबाला तासाला ०.६ अदलाबदलींपेक्षा कमी.

– खोली तापवण्याची गरज: वर्षाला दर चौरस मीटरला १५ किलोवॉट-तास. हीच पॅसिव्हहाउसची मुख्य अट.

– उन्हाळा: इमारत फार तापते का हे पाहणाऱ्या सिब्सीच्या 'टीएम ५२'च्या कसोट्या आजच्या हवामानाच्या फायलींवर तपासायच्या आणि २०५० च्या दशकासाठी तयार केलेल्या फायलींवरही.

– बांधकामातला कार्बन: 'आरआयसीएस' या सर्वेक्षकांच्या संस्थेच्या २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या पद्धतीने मोजायचा आणि रचनेच्या प्रत्येक टप्प्याअखेर नव्याने सादर करायचा.

प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: तो कोण मोजणार, केव्हा मोजणार, आणि चुकला तर काय होणार. तिसरा रकाना रिकामा राहिला की बाकीचे दोन शोभेचे ठरतात.

पॅसिव्हहाउसचं प्रमाणपत्र घ्यावं की नाही यावर वाद होतात. आमचं मत: मोठ्या सार्वजनिक इमारतीसाठी घ्यावं. मानक परिपूर्ण आहे म्हणून नव्हे. प्रमाणपत्र देणारा बाहेरचा माणूस प्रत्येक जोडणीचं रेखाचित्र आणि जागेवरचे फोटो मागतो, म्हणून. वॉल्व्हरहॅम्प्टनच्या ओकमेडो आणि बुशबरी हिल या प्राथमिक शाळांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की साध्या सरकारी शाळेलाही हे जमतं. त्यानंतर हियरफर्डचं अभिलेखागार झालं आणि २०२२ मध्ये एक्झिटरचं सेंट सिडवेल्स पॉइंट हे जलतरण केंद्रही. तरणतलावासारखी ऊर्जा खाणारी इमारत या मानकात बसली, तेव्हा 'आमचा प्रकल्प वेगळा आहे' ही सबब फारशी उरली नाही.

आकार, दिशा आणि छज्जा

बांधणी आटोपशीर ठेवा. एकाच क्षेत्रफळाची एकमजली पसरट शाळा आणि दुमजली चौकोनी शाळा यांत दुसरीला भिंती-छताचा पृष्ठभाग बराच कमी लागतो. म्हणजे गळती कमी, साहित्य कमी. प्रत्येक खाचखळग्याला एक कोपरा आणि प्रत्येक कोपऱ्याला एक अवघड जोडणी येते.

खिडक्या दक्षिणेला आणि उत्तरेला. लंडनच्या अक्षांशावर (५१.५ अंश) २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर असतो, २१ डिसेंबरला जेमतेम १५ अंशांवर. खिडकीच्या वरच्या कडेला लागून १ मीटरचा छज्जा काढला, तर जूनमध्ये त्याची सावली सुमारे १.९ मीटर खाली उतरते आणि डिसेंबरमध्ये पाव मीटरच. म्हणजे २ मीटर उंचीची दक्षिण खिडकी उन्हाळ्यात जवळजवळ पूर्ण झाकली जाते आणि हिवाळ्यात ऊन आत येतं, तेही कुठलंही यंत्र न लावता. पश्चिमेला ही युक्ती चालत नाही. तिथे सूर्य तिरपा आणि खालून येतो, तोही दुपारी वर्ग आधीच तापलेला असताना. पश्चिमेची काच कमीत कमी ठेवावी, नाहीतर बाहेरून सरकणारे पडदे लावावेत. आतल्या पडद्यांनी डोळ्यांवर येणारं ऊन अडतं, पण उष्णता तोवर आत आलेली असते.

जमिनीपासून ८०० मिलिमीटरपर्यंतच्या काचेने टेबलावर उजेड फारसा पडत नाही. तिथे भिंत बांधावी: इन्सुलेशन मिळतं आणि कपाटं ठेवायला जागाही. छताजवळची काच मात्र वर्गाच्या आतल्या भिंतीपर्यंत उजेड पोचवते. ती कापू नका.

हवाबंदपणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या नंतर सुधारणं सगळ्यात महाग पडतं, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

आधी एकक नीट पाहा. नियमांतली मर्यादा आणि पॅसिव्हहाउसची मर्यादा वेगवेगळ्या पट्टीने मोजतात. इंग्लंडच्या पार्ट एलमध्ये (२०२१ ची आवृत्ती, जून २०२२ पासून लागू) नव्या बिगरनिवासी इमारतीची कमाल मर्यादा बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरला तासाला ८ घनमीटर आहे. पॅसिव्हहाउस आतल्या हवेच्या आकारमानावर मोजतं. समजा, इमारतीचं आकारमान १०,००० घनमीटर आणि आवरण ४,००० चौरस मीटर आहे. नियमाच्या काठावर ती ५० पास्कलला तासाला ३२,००० घनमीटर हवा गळू देते. पॅसिव्हहाउसच्या ०.६ वर ६,००० घनमीटर, म्हणजे नियमाच्या पट्टीत १.५. बैठकीत कोणी 'आपण १.५ ला आलो' म्हणालं, तर कोणत्या पट्टीने ते विचारा. या गोंधळातून करारही चुकीचे लिहिले जातात.

पायरी पहिली: प्रत्येक उभ्या छेदाच्या रेखाचित्रावर लाल पेन्सिलने हवाबंद थराची रेघ ओढा. पेन्सिल न उचलता ती जमिनीपासून भिंतीवर, भिंतीवरून छतावर आणि परत जमिनीला मिळाली पाहिजे. जिथे पेन्सिल उचलावी लागली, तिथे गळती होणार. हा थर कशाचा आहे तेही रेघेवर लिहा: लाकडी सांगाड्यात सांधे टेपने बंद केलेला ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला) तक्ता, विटांच्या भिंतीत आतला ओला गिलावा, जमिनीत काँक्रीटची लादी. कोरडा जिप्सम बोर्ड हा हवाबंद थर नव्हे, त्याच्यामागे हवा खेळते. गिलाव्यावर भरवसा असेल तर तो छताच्या वरच्या पोकळीतही आणि जमिनीच्या पातळीपर्यंत द्यावा लागतो. 'दिसत नाही तिथे कशाला' म्हणून गवंडी नेमका तोच भाग सोडतो.

पायरी दुसरी: थराच्या आतल्या बाजूला नळ-वायरींसाठी ५० मिलिमीटरची पोकळी ठेवा. मग इलेक्ट्रिशियनने कितीही स्विचबोर्ड बसवले तरी थराला भोक पडत नाही. जी भोकं अटळ आहेत, त्यांची यादी करा आणि प्रत्येकाला तयार रबरी कॉलर मागवा. फेस फवारून भोक बुजवणं हा उपाय नाही. फेस आकसतो, वायर हलली की सुटतो.

पायरी तिसरी: कंत्राटदाराच्या माणसांपैकी एकाला या थराची राखण करण्याचं काम नेमून द्या. कुठल्याही कारागिराने थराला छेद दिला तर यालाच सांगायचं, आणि त्याने बघितल्याशिवाय वर बोर्ड चढवायचा नाही, असा नियम ठेवा. त्याला काम थांबवण्याचा अधिकार हवा.

पायरी चौथी: दाबचाचणी (पंख्याने दाब निर्माण करून गळती मोजणं) तीनदा. पहिली, खिडक्या बसल्यावर आणि थर उघडा असताना. ही खरी कामाची, कारण गळती हाताला लागते आणि टेपने बंद करता येते. दुसरी, यंत्रणांचे पाइप आणि डक्ट आत आल्यावर. तिसरी, ताबा घेण्याआधी प्रमाणपत्रासाठी. फक्त शेवटची चाचणी केली आणि ती नापास झाली, तर गळती पूर्ण झालेल्या छत-भिंतींच्या मागे असते आणि हाती फक्त सीलंटची नळी उरते.

गळतीच्या नेहमीच्या जागा अशा: आतून बाहेर जाणारी पोलादी तुळई, गच्चीच्या कठड्याखालचा सांधा, लिफ्टच्या विहिरीच्या माथ्यावरची झरोक्याची जाळी, धूर बाहेर काढणाऱ्या स्वयंचलित झडपा, प्लांटरूमचं (यंत्रांच्या खोलीचं) दार, आणि मालाच्या दाराचं शटर. झडपा मागवताना त्यांचा बंद अवस्थेतला गळतीचा दाखला मागा. स्वस्त झडप बंद असतानाही सर्रास हवा सोडते, आणि एका मोठ्या झडपेने साऱ्या भिंतींवरची मेहनत वाया जाते.

याच रेषेला लागून थर्मल ब्रिजचा, म्हणजे इन्सुलेशन तोडून उष्णता बाहेर नेणाऱ्या जागांचा, विषय येतो. नियमाप्रमाणे नव्या भिंतीचं यू-मूल्य (उष्णता किती गळते याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ०.२६ चालतं, पॅसिव्हहाउसमध्ये ते ०.१० ते ०.१५ दरम्यान असतं, म्हणजे चांगल्या इन्सुलेशनची जाडी २५०–३०० मिलिमीटर. इतक्या जाड भिंतीत एखादा पोलादी दांडा आरपार गेला तर हानी ठळक होते आणि थंडीत त्या जागी पाणी सुटून बुरशी धरते. प्रवेशद्वारावरचा छज्जा इमारतीला न टांगता स्वतंत्र खांबांवर उभा करावा. ते जमत नसेल तर मध्ये इन्सुलेशन असलेले तयार जोड घ्यावेत.

श्वास

इमारत इतकी बंद केली की ताजी हवा मोजून द्यावी लागते. शाळांसाठी 'बिल्डिंग बुलेटिन १०१' आहे. यांत्रिक वायुवीजन असेल तर वापराच्या तासांत कार्बन डायऑक्साइडची दिवसाची सरासरी १,००० पीपीएमखाली (हवेच्या दर दहा लाख भागांत १,००० भाग) राहिली पाहिजे आणि सलग २० मिनिटांहून जास्त वेळ १,५०० च्या वर जाता कामा नये. नैसर्गिक वायुवीजनासाठी हेच आकडे १,५०० आणि २,००० आहेत.

३० मुलं आणि २ मोठी माणसं धरा. माणशी सेकंदाला ८ लिटर दिले, तर वर्गाला २५६ लिटर, तासाला सुमारे ९२० घनमीटर. बाहेर शून्य अंश आणि आत २० असताना ही हवा तापवायला सुमारे ६ किलोवॉट लागतात. ८० टक्के उष्णता परत मिळवणारं यंत्र (ब्रिटनमध्ये त्याला एमव्हीएचआर म्हणतात) लावलं तर १.२ किलोवॉट पुरतात. मुलांच्या अंगची उष्णता दरडोई ६०-७० वॉट धरली, तरी वर्ग भरला की २ किलोवॉट आपोआप मिळतात. म्हणून चांगल्या आवरणाच्या शाळेत सकाळी वर्ग कोमट केला की दिवसभर हीटर बंद राहतो. बॉयलर किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने आत आणणारं यंत्र) ठरवताना हे गणित मांडलं नाही तर गरजेच्या दुप्पट यंत्र बसतं आणि ते सारखं चालू-बंद होत राहतं.

एमव्हीएचआर बसवताना सर्वात दुर्लक्षित बाब म्हणजे यंत्र आणि बाहेरची भिंत यांमधला डक्ट. त्यात बाहेरची थंड हवा असते. तो उबदार इमारतीतून दहा मीटर फिरवला तर परत मिळवलेली उष्णता तिथेच जाते आणि डक्टवर पाणी सुटतं. यंत्र बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवा, हा तुकडा दोनेक मीटरच्या आत आणा आणि त्यावर बाष्परोधक इन्सुलेशन गुंडाळा. दुसरी बाब फिल्टर. ते बदलायला शिडी आणि दोन माणसं लागत असतील तर बदलले जाणार नाहीत. तिसरी आवाज: पंख्याची घरघर शिकवण्यात आली की शिक्षक यंत्र बंद करतात, आणि त्यांचं चुकत नाही. सायलेन्सर हा खर्चकपातीत काढायचा भाग नव्हे.

नैसर्गिक वायुवीजनही जमतं, पण त्यासाठी अख्खी इमारत त्याभोवती रचावी लागते. कोव्हेंट्री विद्यापीठाच्या लँचेस्टर वाचनालयात (२०००) रस्त्याच्या आवाजामुळे खिडक्या बंद आहेत. ताजी हवा जमिनीखालून चार कोपऱ्यांतल्या प्रकाशविहिरींत येते, मजल्यांवर पसरते आणि गरम होऊन मधल्या विहिरीतून व कडेच्या धुरांड्यांतून वर निघून जाते. एव्हरीमनच्या प्रेक्षागृहाची हवाही विटांच्या मोठ्या धुरांड्यांतूनच बाहेर पडते. धुरांड्यांची उंची आणि छेद पहिल्या आराखड्यातच ठरवावे लागतात, नंतर त्यांना जागा मिळत नाही. आणखी एक फसगत: गणितात खिडकी पूर्ण उघडी धरतात, पण सुरक्षेसाठी तिला १०० मिलिमीटरवर अडवणारा खिळा बसतो. मग गणितातल्या हवेचा एक तुकडाच आत येतो. गणित खिळ्यासकट करा, किंवा खिडकीशेजारी आतून उघडणारं झाकण आणि बाहेरून जाळीच्या पट्ट्या असा फलक द्या. तो रात्रीही उघडा ठेवता येतो, पाऊस आणि चोर दोन्ही बाहेर राहतात.

रात्रीचा गारवा साठवायचा तर छताचं काँक्रीट उघडं हवं, आणि वर्गातला प्रतिध्वनी कमी करायला छताला मऊ थर हवा. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. तडजोड अशी: संपूर्ण खोटं छत न लावता आवाज शोषणारे फलक अंतराअंतराने टांगा, म्हणजे हवा त्यांच्या वरून काँक्रीटपर्यंत पोचते.

उष्णता आणि गरम पाणी

ब्रिटनमध्ये विजेचं एक युनिट गॅसच्या तीन-चार पट महाग पडत आलं आहे. वीज चौपट असेल आणि जुना बॉयलर ८८ टक्के कार्यक्षम असेल, तर हीट पंपाने एका युनिट विजेतून किमान ३.५ युनिट उष्णता दिली तरच बिल बरोबरीला येतं. ते पाण्याच्या तापमानावर ठरतं: पुरवठ्याचं पाणी दर अंशाने कमी गरम केलं की सुमारे २ टक्के फायदा. म्हणून रेडिएटर मोठे घ्या आणि पुरवठा ४५ अंशांखाली ठेवा. जुन्या शाळेत आवरण न सुधारता फक्त बॉयलरच्या जागी पंप ठेवला की पाणी ६५ अंशांवर न्यावं लागतं आणि बिल वाढतं. मग दोष हीट पंपाच्या माथी येतो.

गरम पाण्याची वेगळी व्यवस्था करा. लिजिओनेला जीवाणूंमुळे साठवलेलं पाणी ६० अंशांवर आणि नळाशी ५० अंशांवर ठेवण्याचा दंडक आहे. हात धुण्यासाठी शाळाभर गरम पाण्याची नळी चोवीस तास फिरवत ठेवली, तर त्या नळ्यांतूनच बरीचशी उष्णता जाते आणि उन्हाळ्यात तीच वर्ग तापवते. बेसिनखाली छोटे विजेचे हीटर, स्वयंपाकघर आणि शॉवरसाठी एकच टाकी, असं विभागावं.

सौर पॅनेल शेवटी. एक किलोवॉट क्षमतेमागे वर्षाला साधारण ८५० ते १,००० किलोवॉट-तास मिळतात, पण भरघोस उत्पादनाच्या दिवसांतच शाळेला सुट्टी असते. ग्रिडला किती वीज देता येईल याची परवानगी वीजजाळं चालवणाऱ्या कंपनीकडे लवकर मागा. उत्तराला महिने लागतात.

साहित्य

लाकडी सांगाडा सर्रास निवडला जातो आणि बहुधा योग्यच असतो, पण कार्बन आधी खांबांमधल्या अंतराने वाचतो. खांब जवळ घेतले की तुळया आणि लाद्या पातळ होतात, मग त्या कशाच्याही असोत. क्रॉस-लॅमिनेटेड (आडवे-उभे थर चिकटवलेल्या) लाकडाच्या फळ्या वापरल्या तर बांधकामात त्या भिजू देऊ नका. वर थर चढवण्याआधी ओलावा मोजा, २० टक्क्यांवर असेल तर थांबा. विमा कंपनीशी बोलणी आराखड्याच्या वेळीच करा. १८ मीटरहून उंच रुग्णालयांच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तिथे लाकडी भिंतीचा विचारच करू नका.

स्थानिक साहित्याचं उत्तम उदाहरण नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातलं एंटरप्राइज सेंटर (२०१५). तिथे थेटफर्डच्या जंगलातलं लाकूड वापरलं आणि बाह्य भिंतींवर गवताने शाकारलेले तयार फलक बसवले. शाकारणी कारखान्यासारखी छपराखाली झाल्याने कामाला पावसाची अडचण आली नाही.

निविदेनंतर

बहुतेक सरकारी कामं रचना-आणि-बांधकाम अशा एकत्रित करारावर होतात. त्यात कंत्राटदाराला 'समतुल्य' वस्तू बदलण्याची मुभा असते. समतुल्य कशात, हे लिहून ठेवा: खिडकीसाठी बसवल्यानंतरचं यू-मूल्य, टेपसाठी चिकटण्याचा दाखला, पंख्यासाठी दर लिटर हवेमागची वीज. प्रत्येक बदलाबरोबर नवं ऊर्जागणित जोडण्याची अट घाला. मग बदलाच्या अर्ध्या मागण्या आपोआप गळतात.

मीटरची मांडणी तपासा. नियमानुसार प्रत्येक इंधनाच्या अंदाजी वापरापैकी किमान ९० टक्के कुठे जातो हे उपमीटरांवरून कळलं पाहिजे. प्रत्यक्षात मीटर बसतात, पण अर्ध्यांवर नावं चुकीची असतात किंवा ते संगणकाला जोडलेलेच नसतात. ताबा घेण्याआधी एकेक भार चालू करा आणि अपेक्षित मीटर हलतो का ते समोर उभं राहून पाहा. शिवाय सर्व उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळवा.

'सॉफ्ट लँडिंग्ज' पद्धतीत रचनाकार आणि कंत्राटदार ताब्यानंतर तीन वर्षं इमारतीशी बांधील राहतात. हे कलम करारात घ्या आणि त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा. यंत्रणांची जुळणी एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात व्हायला हवी. ऑक्टोबरात ताबा घेतलेल्या इमारतीची रात्रीची थंडावणी कोणी चालवूनच पाहिलेली नसते. केअरटेकरला रचनेच्या बैठकांना बोलवा. फिल्टर कुठे, झडप कुठली, वेळापत्रक कसं बदलायचं, हे दोन पानांवर त्याच्या भाषेत लिहून प्लांटरूमच्या दारावर लावा. ६०० पानांची पुस्तिका कपाटातच राहते.

पहिल्या वर्षी दर महिन्याला अर्ध्या-अर्ध्या तासाचं वीजवाचन मागवा आणि रविवारी पहाटे ३ चा आकडा पाहा. ३,००० चौरस मीटरच्या शाळेत त्या वेळी १५ किलोवॉट चालू असतील, तर वर्षाला ते १,३०,००० किलोवॉट-तास होतात, म्हणजे दर चौरस मीटरला ४४. ६५ च्या लक्ष्यापैकी दोन तृतीयांश भाग, कोणी असो वा नसो, खर्च. मग रिकाम्या इमारतीत जाऊन एकेक उपमीटर वाचा. हाती लागणाऱ्या गोष्टी बहुधा याच असतात: गरम पाण्याचा फिरता पंप, बाहेरचे दिवे, स्वयंपाकघरातले रिकामे फ्रीज, सर्व्हरच्या खोलीचा वातानुकूलक, आणि दाबचाचणीच्या दिवशी कोणीतरी 'मॅन्युअल'वर टाकून विसरलेला वायुवीजनाचा पंखा.